दर सोमवारी रूटवर फसणारी एफएसट्रिम सेवा: एकच लाल ओळ, दोन वेगळे रोग

सोमवारी दहाच्या सुमारास फोन वाजला की कोणाचा ते बघावं लागत नाही. गोव्यातल्या म्हार्दोळच्या अलीकडे आमच्या गावचं छोटं वाचनालय आहे, तिथल्या ग्रंथपाल बायचा. "दादा, लाल ओळ परत आली हां. आणि आज मला मंगेशीच्या पालखीला जायचंय, तेव्हा काय ते बेगीन सांगा."

वाचनालयात रास्पबेरी पाय ४ आहे, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटासा संगणक. बूटचं (मशीन सुरू करणारं) विभाजन एसडी कार्डावर आणि रूट, म्हणजे सिस्टिम आणि फाइलींचं मुख्य विभाजन, २४० जीबीच्या एसएसडीवर, जी यूएसबी-साटा अडॅप्टरने जोडलेली. हे मशीन घेतलं तेव्हा पाय ४ थेट यूएसबीवरून बूट होत नसे, म्हणून ही दोन घरांची मांडणी. नंतर ती सोय आली, पण चालत्या गाड्याला खीळ कशाला म्हणून मी हात लावला नाही. पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, सगळं त्या एसएसडीवर. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात फसलेल्या सेवांची नावं लाल अक्षरांत यावीत अशी बारकी स्क्रिप्ट मीच टाकून ठेवली होती, आणि तिने मे महिन्यापासून दर सोमवारी एकच नाव दाखवायला सुरुवात केली: एफएसट्रिम.सर्व्हिस.

(कमांड आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थात रोमनमध्येच करा.)

आधी ही सेवा करते काय ते. वाचनालयाचंच उदाहरण घ्या. एखादं पुस्तक रजिस्टरातून काटलं, पण कपाटातून काढलं नाही, तर रजिस्टराच्या लेखी जागा मोकळी आणि कपाट मात्र भरलेलं. फाइल पुसली की फाइलसिस्टिम रजिस्टरात काट मारते. एसएसडीला, म्हणजे कपाटाला, ते कोणी सांगत नाही. तो निरोप पोचवण्याचं काम एफएसट्रिमचं: "हे हे ब्लॉक आता कोणाचे नाहीत, तू टाकून दे." निरोप पोचला नाही म्हणून पुस्तकं जळत नाहीत. ड्राइव्ह हळूहळू मंद होते, झीज थोडी वाढते, इतकंच. म्हणून ओळ लाल दिसली तरी त्या दिवशी वाचनालय बंद ठेवायचं कारण नाही, आणि हे मी बायला पहिल्याच फोनवर सांगितलं. पुढची चूक माझी. "दुर्लक्ष करा" असंही सांगून मोकळा झालो.

दुर्लक्ष करणं सोपं होतं, कारण ओळ आपोआप जायची. सकाळी आलेली ओळ दुपारी जेवून परत येईपर्यंत गायब. वाचनालय एक ते चार बंद, मशीनही बंद. चारला सुरू केलं की सगळं हिरवं. बायचा समज असा की पायला जरा विश्रांती मिळाली की बरं वाटतं. माझाही समज फार वेगळा नव्हता, फक्त मी त्याला तांत्रिक नाव दिलं होतं.

खरं गणित टायमरमध्ये आहे. एफएसट्रिम.टायमर आठवड्याला एकदा चालतो आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी 'वीकली' म्हणजे सोमवारची मध्यरात्र. त्या वेळी आमचं मशीन बंद. पण टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू असतं, म्हणजे चुकलेली वेळ पुढच्या बूटला भरून काढायची. त्यावर १०० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर. म्हणून नऊला मशीन लावलं तर ओळ कधी सव्वानऊला यायची, कधी साडेदहाला. सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी. एकदा चाललं की टायमर आपली नोंद करून ठेवतो, सेवा फसली तरी. त्यामुळे दुपारच्या बूटला तो पुन्हा प्रयत्न करत नाही, आणि 'फसली' हा शेरा तर बूटच्या पलीकडे टिकतच नाही. म्हणजे रोग तसाच होता, शेरा तेवढा पुसला जात होता.

तुमच्याकडे असं काही दिसत असेल तर सुरुवात लॉगपासून करा. सकाळचा लॉग दुपारी सापडत नसेल तर जर्नल (सिस्टमडीचा लॉग) फक्त मेमरीत राहतंय. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर तयार करून मशीन एकदा रीबूट केलं की बहुतेक ठिकाणी नोंदी डिस्कवर राहू लागतात. मग

जर्नलसीटीएल -यू एफएसट्रिम.सर्व्हिस -बी -१

ही कमांड मागच्या बूटची नोंद दाखवते. त्यात 'स्टेटस' पुढचा आकडा बघा. ३२ असेल तर सगळीच विभाजनं फसली. ६४ असेल तर काही जमली, काही फसली. नुसता १ असेल तर सेवा विभाजनांपर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी अडली. आमच्याकडे ६४ होता. एसडी कार्डावरचं बूट विभाजन बिनबोभाट पार पडलं होतं, म्हणजे सेवा धड, टायमर धड, घोळ फक्त रूटचा. एवढ्या एका आकड्याने अर्धं काम झालं, आणि मी दोन महिने तो वाचला नव्हता.

दुसरी पायरी, हाताने चालवणे:

सुडो एफएसट्रिम -व्ही /

इथे एक सापळा आहे, त्यात मी चांगलाच अडकलो. लॉगमध्ये सोमवारी सकाळी 'रिमोट आय/ओ एरर' होतं. मी संध्याकाळी जाऊन हाताने चालवलं तेव्हाही पहिल्यांदा तेच आलं. पुन्हा चालवलं तर 'द डिस्कार्ड ऑपरेशन इज नॉट सपोर्टेड'. दोन मिनिटांत दोन उत्तरं! मला वाटलं अडॅप्टर मरायला टेकलाय. तसं नव्हतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्राइव्हला 'अनमॅप' हा आदेश (ट्रिम किंवा डिस्कार्ड म्हणजे हाच ब्लॉक टाकून देण्याचा निरोप) पाठवतो, आणि समोरून "असला आदेश मला माहीत नाही" असं उत्तर आलं की त्या ड्राइव्हपुरती ती सोय स्वतःच बंद करून टाकतो. म्हणून पहिल्यांदा नकार आणि त्यानंतर 'सोयच नाही'. बूट झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा हाताने तपासताना ताज्या बूटनंतरचं पहिलं उत्तरच खरं धरा, आणि लगेच डीमेसग, म्हणजे कर्नलचे संदेश, उघडा. आमच्याकडे तिथे 'क्रिटिकल टार्गेट एरर' आणि 'डिस्कार्ड' हे दोन्ही एकाच ओळीत उभे होते.

आता प्रश्न असा: ज्या अडॅप्टरला अनमॅप कळत नाही त्याला कर्नलने तो आदेश पाठवलाच कसा? कर्नल असा आगाऊपणा सहसा करत नाही. ड्राइव्हने स्वतः सांगितल्याशिवाय तो अनमॅप वापरत नाही. हे बघायला

एलएसबीएलके --डिस्कार्ड

चालवा. डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स या दोन रकान्यांत शून्य असेल तर त्या उपकरणावर ट्रिम नाही. आमच्याकडे बूटनंतर लगेच तिथे भला मोठा आकडा होता, म्हणजे कोणीतरी कर्नलला बळेच सांगितलं होतं की ट्रिम आहे.

तो कोणीतरी मीच. पाय नवीन होता तेव्हा पहिल्या अडॅप्टरला ट्रिम जमत होतं, पण तो स्वतःहून नीट सांगत नव्हता. तेव्हा /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये (उपकरण जोडलं की लागू होणारे नियम तिथे राहतात) मी एक नियम टाकला: 'प्रोव्हिजनिंग_मोड' ला 'अनमॅप' करा. असा नियम लिहिताना अडॅप्टरचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक घालायचा असतो, म्हणजे तो त्याच अडॅप्टरपुरता लागू होतो. मी आळस केला. "एकच तर ड्राइव्ह आहे, कशाला ते आकडे." पुढे या मे महिन्यात जुन्या अडॅप्टरच्या खाचेत हिरवट गंज दिसला (आपल्याकडची हवा, दोन पावसाळे म्हणजे खूप झाले), म्हणून बाजारातून दुसरा आणून लावला. नियम तसाच, अडॅप्टर वेगळा. नवीन अडॅप्टरला अनमॅप कळत नाही आणि माझा नियम मात्र दर बूटला छातीठोकपणे सांगतोय की कळतं.

हे तपासायचं असेल तर एसजी३-युटिल्स हे पॅकेज घाला आणि

सुडो एसजी_व्हीपीडी -पी एलबीपीव्ही /डेव्ह/एसडीए

यात 'अनमॅप कमांड सपोर्टेड' पुढे १ हवा. त्याच कमांडमध्ये एलबीपीव्हीच्या जागी 'बीएल' घातलं की 'मॅक्सिमम अनमॅप एलबीए काउंट' दिसतो. माझ्या जुन्या अडॅप्टरवर तो ४१९४२४० होता. त्याला ५१२ ने गुणलं की २१४७४५०८८० येतं. नियमाबरोबर तो आकडा 'डिस्कार्ड_मॅक्स_बाइट्स' मध्ये घालायचा असतो. नवीन अडॅप्टरवर अनमॅपपुढे शून्य. इथे जरा थांबून सांगतो: शून्य असताना 'अनमॅप' जबरदस्तीने लावू नका. आमच्या अडॅप्टरने सरळ नकार दिला हे आमचं नशीब. काही स्वस्त अडॅप्टर नकार देत नाहीत, आदेश अर्धवट समजून भलतेच ब्लॉक टाकून देतात. बॅकअप नसताना हा प्रयोग म्हणजे होळीच्या दिवशी रजिस्टर अंगणात ठेवण्यासारखं आहे.

नियमाची फाइल काढली, रीबूट केलं. रकान्यांत शून्य आलं आणि सोमवारी ओळ आली नाही. बायने फोन करून "आज काहीच नाही" असं जवळजवळ तक्रारीच्या सुरात सांगितलं.

पण ओळ गेली म्हणजे ट्रिम होऊ लागलं असं नव्हे. नवीन आवृत्त्यांत सेवा 'क्वाएट-अनसपोर्टेड' हा पर्याय घेऊन चालते, म्हणजे जिथे सोयच नाही तिथे ती गुपचूप पुढे जाते. हिरवं दिसतं, काम होत नाही. इथे तुमच्यापुढे तीन वाटा. पहिली, तसंच राहू द्या. ड्राइव्ह निम्मीअधिक रिकामी असेल तर वर्षानुवर्षं फरक जाणवणार नाही, ड्राइव्हचं फर्मवेअर आपल्या परीने सफाई करत असतं. दुसरी, तीनचार महिन्यांतून एकदा एसएसडी काढून साध्या डेस्कटॉपच्या साटा पोर्टला लावा, माउंट करा, हाताने ट्रिम करा. तिसरी, अनमॅप जाणणारा अडॅप्टर घ्या. मी तिसरी घेतली, पण विकत घेण्याआधी दुकानातच लॅपटॉप काढून वरची कमांड चालवली. दुकानदार हसला. दोन अडॅप्टर शून्य निघाले, तिसऱ्यावर १ आला, मग तोही बघत उभा राहिला. नियम पुन्हा लिहिला, या वेळी क्रमांकांसकट.

ज्यांचं रूट एन्क्रिप्ट केलेलं आहे, उदाहरणार्थ ऑफिसचा लॅपटॉप, त्यांना एसएसडीच्या ओळीत मोठा आकडा आणि खालच्या क्रिप्टच्या ओळीत शून्य दिसू शकेल. तिथे ड्राइव्ह दोषी नाही. लक्स, म्हणजे लिनक्सची एन्क्रिप्शनची सोय, वेगळं सांगितलं नसेल तर मुद्दाम ट्रिम अडवतं, कारण कुठले ब्लॉक रिकामे हे बाहेरून दिसू लागतं. ते तुम्हाला चालत असेल तर क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्ट केलेल्या विभाजनांच्या यादीत) 'डिस्कार्ड' घाला, आणि रूट असल्यामुळे नंतर इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) पुन्हा बांधायला विसरू नका. गुप्तता महत्त्वाची असेल तर ट्रिमशिवाय राहा.

इथे हे संपायला हवं होतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सोमवार, पुन्हा फोन, पुन्हा तीच ओळ. आदल्या शनिवारी संध्याकाळी भर पावसात वीज चारपाच वेळा आली-गेली होती, आणि वाचनालयातल्या यूपीएसची बॅटरी नावापुरतीच उरली होती. माझ्या मनात लगेच अडॅप्टर. तो बदलून आणायलाही निघालो होतो. मग म्हटलं, एकदा शब्द तरी वाचू.

या वेळी शब्द वेगळे होते: 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग'. हे वाक्य ड्राइव्ह बोलत नाही, फाइलसिस्टिम बोलते. सेवा तीच, विभाजन तेच, आकडाही ६४ च. पण रोग एक मजला वर. याचं भावंड म्हणजे 'बॅड मेसेज', म्हणजे चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाही. दोन्हीपैकी काही दिसलं तर ट्रिम, अडॅप्टर, नियम सगळं विसरा आणि डीमेसगमध्ये 'एक्स्ट४-एफएस एरर' शोधा (एक्स्ट४ हा रूटच्या फाइलसिस्टिमचा प्रकार). आमच्याकडे एका ब्लॉक गटाचा बिटमॅप (कुठला ब्लॉक भरलेला, कुठला मोकळा याची नोंद) बिघडल्याची ओळ होती.

हे एफएसट्रिमलाच कसं सापडलं, वाचनालयाच्या प्रोग्रामला का नाही? कारण रोजचं काम ठरावीक फाइलींभोवती फिरतं. ट्रिमला मात्र मोकळी जागा शोधायची असते, म्हणून ती एकेका ब्लॉक गटाचा बिटमॅप उघडून बघते. कोणी न उघडलेल्या कपाटातली वाळवी तिलाच दिसते. पहिल्या वेळी कंटाळून मी सेवा मास्क, म्हणजे पूर्णपणे बंद, करणार होतो. केली असती तर ही वाळवी कधीतरी नवीन फाइल त्या गटात लिहिली जाताना उघडी पडली असती.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी डेटा बाहेर काढा: यादीचा डेटाबेस मी पेनड्राइव्हवर घेतला आणि लॅपटॉपवर उघडून बघितला. मग

सुडो ट्यून२एफएस -एल /डेव्ह/एसडीए२

यात 'एफएस एरर काउंट' आणि पहिल्या चुकीची वेळ दिसते. ती वेळ बिघाड झाल्याची नव्हे, सापडल्याची. आमच्याकडे ती सोमवारची होती, वीज गेल्याची शनिवारची नव्हे. याने गोंधळू नका.

चालू रूटवर ई२एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) कधीही चालवू नका, कितीही घाई असली तरी. पायवर बूट विभाजनात सीएमडीलाइन.टीएक्सटी असते. ती सगळी एकाच ओळीत असते, आणि ती ओळ मोडू द्यायची नाही. रास्पबेरी पाय ओएसमध्ये तिथे 'एफएससीके.रिपेअर=यस' आधीच असतं. शेवटी एक जागा सोडून 'एफएससीके.मोड=फोर्स' घाला आणि रीबूट करा. साध्या डेबियनवर हे दोन्ही शब्द ग्रबच्या (बूट लोडरच्या) कर्नल ओळीत तात्पुरते घालता येतात. तपासणी झाली की तो शब्द काढून टाका, नाहीतर दर बूटला पूर्ण तपासणी होत राहील आणि बाय विचारतील की मशीन एवढा वेळ का घेतंय. (मी विसरलो. त्यांनी विचारलं.)

निकालाचा कोड १ असेल तर चुका होत्या, दुरुस्त झाल्या. ४ असेल तर काही तशाच राहिल्या. तेव्हा एसएसडी काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, माउंट न करता 'ई२एफएससीके -एफ' चालवा आणि प्रश्न वाचून उत्तरं द्या. आमचं १ वर निभावलं. यूपीएसची बॅटरी त्याच दिवशी बदलली.

तिसरा शब्द आमच्या वाट्याला आला नाही, पण तो सगळ्यात वाईट: 'इनपुट/आउटपुट एरर'. हा आला तर ट्रिम बाजूला ठेवून स्मार्टसीटीएलने ड्राइव्हची तब्येत बघा. पाय असेल तर आधी वीजपुरवठा बघा. डीमेसगमध्ये 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' असेल तर बहुतेक मोबाइलचा चार्जर लावलेला असतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो, एसएसडी त्यातूनच खाते.

दुरुस्तीनंतर हाताने चालवलं तर पहिल्यांदा बरेच जीबी ट्रिम झाल्याचं येईल आणि लगेच दुसऱ्यांदा शून्य. घाबरू नका. एक्स्ट४ ट्रिम केलेले गट लक्षात ठेवतं, त्यांत नवीन जागा मोकळी होईपर्यंत किंवा पुढच्या माउंटपर्यंत त्यांना पुन्हा हात लावत नाही. आठवड्यातून एकदा पुरे. रोज चालवून फायदा नाही, हलक्या एसएसडीची उलट झीजच होऊ शकते.

शेवटचा बदल बायच्या सोयीसाठी. मी बुधवारी सकाळी वाचनालयात असतो, तर ट्रिमही तेव्हाच होऊ दे. 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट एफएसट्रिम.टायमर' उघडून टायमर विभागात आधी 'ऑनकॅलेंडर=' अशी रिकामी ओळ लिहा, मग खाली बुधवार १०:३० ची. रिकामी ओळ गाळली तर जुनी वेळ पुसली जात नाही, सोमवार आणि बुधवार दोन्ही चालतात. 'रँडमाइज्डडिलेसेक=०' आणि 'ॲक्युरसीसेक=१' (मूळ टायमरमध्ये तो एक तास असतो) केलं की वेळही नेमकी राहते. नंतर 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' मध्ये एफएसट्रिमपुढे बुधवारची तारीख दिसतेय का तेवढं बघा.